मेगरची ‘>’ खूण न छापणारं टेस्ट सर्टिफिकेट सॉफ्टवेअर: वापरानंतरचा अनुभव

आम्ही कारखान्यांचं वायरिंग तपासून टेस्ट सर्टिफिकेट देतो. त्यासाठी दिवाळी पाडव्याला घेतलेलं सॉफ्टवेअर आता नूतनीकरणाला आलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. नाव देत नाही, कारण कंपनीशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. माल परदेशी आहे, ब्रिटनच्या बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकातल्या फॉर्मवर बेतलेला, पण स्वतःचा नमुना बनवायची सोय आहे. तीन लायसन्स घेतली, एक ऑफिसला आणि दोन साइटवरच्या पोरांच्या टॅबवर. बाकी फीचर्स धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहेत, ती सांगत बसत नाही.

मला बोलायचंय एका खुणेबद्दल.

आमचा इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारा मेगर, ९९९ मेगओहमपर्यंत आकडा दाखवतो. आकडा जितका मोठा, तितकं इन्सुलेशन चांगलं. त्याच्या वर गेलं की स्क्रीनवर ‘>९९९’ येतं. वायरिंग नवं असेल, हवा कोरडी असेल आणि लोड सोडवलेला असेल तर बहुतेक सर्किटं अशीच येतात. या सॉफ्टवेअरच्या रकान्यात मात्र नुसता आकडाच जायचा. ‘>’ टाकली की रकाना लाल आणि सर्टिफिकेट पुढं सरकायचं नाही. मग पोरं ९९९ भरायची, दुसरा मार्गच नव्हता.

कुणी म्हणेल, टेस्ट ५०० व्होल्ट डीसीवर, किमान १ मेगओहम हवं, मग ९९९ काय आणि त्याहून जास्त काय? पास-नापास ठरवायला फरक पडत नाही हे खरं आहे. पण टेस्ट रिपोर्ट फक्त आजच्या पास-नापाससाठी नसतो. समजा जुन्या मेगरची मर्यादा २०० होती आणि पहिल्या वर्षी कागदावर २०० छापलं गेलं. पुढच्या वर्षी नव्या टेस्टरवर त्याच सर्किटचं २६० आलं. वाचणाऱ्याला वाटणार इन्सुलेशन सुधारलं. प्रत्यक्षात आधी ते हजाराच्या वर असेल आणि आता घसरत २६० वर आलं असेल. आपल्याकडं फाउंड्रीत ही घसरण रोजची गोष्ट आहे. काळी धूळ पॅनेलमध्ये शिरते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि मोटरच्या केबलचं रीडिंग बघता बघता खाली येतं. आधीचा आकडा म्हणजे ‘निदान एवढं’ होतं, हे कागदावर नसेल तर पुढच्या माणसानं तुलना कशाशी करायची? हातानं फिरवायच्या मेगरवर काटा टोकाला टेकला की आपले जुने मिस्त्रीसुद्धा अनंताची खूण काढायचे, आकडा रचायचे नाहीत.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्शुरन्सच्या सर्व्हेअरनं नेमकं हेच बोट ठेवलं. पानभर ९९९ बघून म्हणाले, ‘अहो, सगळ्या सर्किटांचं एकच रीडिंग? टेस्ट केलंय की ऑफिसात बसून भरलंय?’ मी टेस्टरमधली साठवलेली रीडिंग्ज उघडून दाखवली तेव्हा त्यांचं समाधान झालं. पण मालकासमोर आमच्या सहीवर शंका घेतली गेली, आणि तीही पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमुळं. तो राग अजून गेलेला नाही.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, रकाना गणितासाठी आहे, त्यात चिन्ह चालत नाही, ९९९ लिहा आणि टेस्टरची मर्यादा शेऱ्यात नोंदवा. शेरा छापतो शेवटच्या पानावर, आणि ते पान किती जण उलटतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. परत लिहिलं, फोटो पाठवले, आयएस ७३२ या आपल्या वायरिंगच्या मानकाचा हवाला दिला. ‘आपली सूचना नोंदवली आहे’ यापलीकडं काही नाही.

तेव्हाच बंद करायचं ठरवलं होतं. केलं नाही, कारण लूप इम्पिडन्सचा, म्हणजे फॉल्ट झाल्यावर करंट ज्या वाटेनं परततो तिच्या एकूण रोधाचा, हिशोब ते फार उत्तम करतं. हा रोध जास्त असेल तर ब्रेकर वेळेत पडत नाही. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या, ३२ अँपिअर सी कर्व्हच्या (ब्रेकर किती करंटला पडतो त्याचा एक प्रकार) एमसीबीवर रीडिंग आलं १.१ ओहम. पोरानं आकडा टाकला आणि टॅबनं तिथंच इशारा दिला, मर्यादा ०.६८. सी कर्व्ह झटक्यात पडेल याची खात्री हवी तर दहापट करंट, म्हणजे ३२० अँपिअर लागतात. २३० व्होल्टचे ९५ टक्के धरून ३२० नं भागलं की ०.६८ येतं. १.१ ओहमवर फॉल्ट करंट जेमतेम दोनशेच्या आसपास, म्हणजे एमसीबी झटक्यात पडेल याची खात्री नाही, तापून सावकाश पडला तर तोवर मशीनच्या बॉडीला व्होल्टेज राहणार. पॅनेल उघडलं तर अर्थच्या केबलचा लग ढिला. एक्सेलच्या शीटवर हे ऑफिसात आल्यावर रात्री कळलं असतं, किंवा कळलंच नसतं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनापासून दाद देतो.

उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपला सुरुवातीला सगळंच लाल दिसतं. तिथं महावितरणचं एलटी (कमी दाबाचं) कनेक्शन आणि अर्थ पिट स्वतःचा, म्हणजे फॉल्ट करंट मातीतून परततो आणि लूपचं रीडिंग मोठं येतं. सेटिंगमध्ये टीटी (अशा अर्थिंगचं नाव) निवडा, मग सॉफ्टवेअर आरसीसीबीवरून, म्हणजे गळतीच्या करंटला पडणाऱ्या ब्रेकरवरून हिशोब करतं, ५० व्होल्ट भागिले ३० मिलिअँपिअर, म्हणजे १६६७ ओहम. एवढी मोठी मर्यादा दिसली म्हणून अर्थ पिटकडं दुर्लक्ष करू नका. उन्हाळ्यात माती सुकली की रीडिंग कुठं जाईल सांगता येत नाही. अर्थ पिटांचा तक्ता मूळ फॉर्ममध्ये नाहीच, तो वेगळा जोडावा लागतो. मराठी जोडाक्षरं पीडीएफमध्ये तुटतात, त्यामुळं आम्ही गिऱ्हाइकांची नावं इंग्रजीतच टाकतो.

गणपतीच्या आधी अपडेट आलं. रकान्यात ‘>’ चालू लागली! पोरांनी लगेच फोन करून सांगितलं, मलाही बरं वाटलं. संध्याकाळी पीडीएफ काढली तर छापलंय ९९९. स्क्रीनवर खूण आहे, कागदावर नाही. गिऱ्हाइकाच्या, विद्युत निरीक्षकांच्या आणि इन्शुरन्सवाल्यांच्या हातात कागदच जातो ना? अर्धं काम करून ते पूर्ण झाल्याचं कळवणं मला अजिबात पटलेलं नाही. परत लिहिलंय.

मग डेटा बाहेर काढून बघितला. सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडता येणारा साधा तक्ता) खूण शाबूत आहे. त्यामुळं सध्या साइटवर रीडिंग याच सॉफ्टवेअरमध्ये भरतो, सीएसव्ही काढून आमच्या जुन्या एक्सेल नमुन्यात ओततो आणि सही त्या कागदावर करतो. शिरोलीच्या गिऱ्हाइकाला दुरुस्त सर्टिफिकेट नव्या आवृत्ती क्रमांकानं दिलं, जुनं रद्द अशी नोंद करून.

पैशाचं म्हणाल तर तीन लायसन्सच्या वर्षाच्या भाड्यात एक बरा अर्थ टेस्टर येतो. छपाई मीच करणार असेन तर तिघांचं भाडं का भरू? या दिवाळी पाडव्याला एकच लायसन्स चालू ठेवणार आहे, साइटवरच्या टॅबचं, लूपच्या इशाऱ्यासाठी. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर ट्रायलवर घेत असाल तर पहिल्याच दिवशी एका सर्किटला ‘>९९९’ भरा, पीडीएफ काढा आणि कागदावर छापून बघा. स्क्रीन बघून पैसे भरू नका. आमची पीडीएफ दुरुस्त झाली तर उरलेली दोन लायसन्स परत घेईन, आणि तसं त्यांना लिहून कळवलंय.