कपड्यांच्या दुकानासाठी आरएफ अलार्म गेट: घ्यावं का?

आरएफ गेट म्हणजे दारातले रेडिओ लहरींवर चालणारे खांब; टॅग न काढलेला कपडा त्यांच्यामधून गेला की ते वाजतात. मध्यम आकाराच्या दुकानाला ८.२ मेगाहर्ट्‌झचं दोन खांबी गेट पुरतं, पण दारावरचा गार्ड तयार नसेल तर ते नुसतंच वाजत राहतं. स्टिकर लेबलं लावणार असाल तर खांबांत साधारण ९० सेंमी अंतर ठेवा. कडक टॅग (प्लास्टिकचे, बिल झाल्यावर काढून घ्यायचे) जरा जास्त अंतरावरूनही पकडले जातात. खांबाला खेटून लोखंडी रॅक, एलईडी पाटीचा अडॅप्टर किंवा वायरचं वेटोळं ठेवू नका. त्यानं उगाच अलार्म होतात, मग गार्ड कंटाळून सगळ्यांना हात दाखवून सोडतो, आणि नेमका माल तेव्हाच जातो.

बरेच अलार्म कॅशियर टॅग काढायला विसरल्यामुळे होतात. म्हणून टॅग प्रत्येक कपड्यावर एकाच जागी, शिवणीत लावा. गार्डचं पहिलं वाक्य ठरलेलं हवं: "ताई, टॅग काढायचा राहिलाय बहुतेक, बिल दाखवता का?" हात धरणं, अंगझडती घेणं अजिबात नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, घोषित फरारी गुन्हेगार सोडला तर, खासगी व्यक्ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्ह्यातच अटक करू शकते, आणि ६ तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावंच लागतं. नुसता अलार्म वाजला म्हणून कोणाला कोंडून ठेवलंत तर दुकानच अडचणीत येईल.

मोठी उणीव एकच: आतून फॉइल लावलेली पिशवी या गेटला कळत नाही. म्हणून दुसरा माणूस ट्रायल रूमपाशी हवाच. आत जाताना कपडे मोजून तेवढ्या आकड्याचा टोकन द्यायचा, बाहेर येताना पुन्हा मोजायचे. गेट आणि त्या माणसाचा पगार दोन्ही एकदम परवडत नसेल तर आधी तो माणूस ठेवा, गेट नंतर घ्या.