तान युनशिएन यांच्या 31 रुग्णा: पाचशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्य बाईंचं टिपणांचं पुस्तक

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि डॉक्टरची पारख केसपेपरवरून करते. बाईने सांगितलेलं तिच्या शब्दांत उतरवलंय, की पहिल्याच ओळीत निदान ठोकून खाली औषधं लिहिलीत, एवढं पाहिलं तरी पुरतं. चीनमधल्या तान युनशिएन यांचं ‘न्यू यी त्सा येन’ मी याच नजरेने वाचलं. नावाचा अर्थ साधारण ‘एका स्त्री वैद्याची संकीर्ण टिपणं’. लॉरेन विलकॉक्स यांचा इंग्रजी अनुवाद 2015 साली आला. मूळ पुस्तक मिंग राजघराण्याच्या काळातलं, 1511 साली लाकडी ठशांवरून छापलेलं. स्त्री वैद्याने स्वतः लिहिलेलं, आज हाती असलेलं चीनमधलं सर्वांत जुनं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. एकूण 31 रुग्णांची टिपणं आहेत, आणि सगळ्या बायका आणि मुली.

वीटभट्टीवाल्या बाईचं टिपण घ्या. तीन महिने रक्त जातंय, काही केल्या थांबत नाही. तान बाई कारण विचारतात. ती सांगते, घरचा धंदा भट्टीचा, नवरा बाहेरगावी, त्यामुळे विटा मीच वाहते, पार रात्र होईपर्यंत. पाळी चालू असतानाही हेच चालू होतं. मग निदान, मग काढा. सगळं मिळून एक परिच्छेदही नीट होत नाही. पण रात्रीपर्यंत विटा वाहणं हे त्यात लिहिलेलं आहे! आजही कितीतरी केसपेपरांत ‘व्यवसाय: गृहिणी’ एवढंच लिहून पुढे जातात आणि ती बाई दिवसाला किती ओझं उचलते हे कुठेच नोंदलं जात नाही. दुसरी एक बाई नावेचं सुकाणू धरते, तिचे हात बधिर झालेत. तिथेही तिचं काम आजाराच्या कारणात आलंय. शिवाय नवऱ्याने घरात उपपत्नी आणल्याचा संताप येतो, मूल गेल्याचं दुःख येतं. तान बाई हे गप्पांसारखं शेवटी जोडत नाहीत, कारण म्हणूनच मांडतात. राग आणि शोक यांनी शरीरातला प्रवाह कोंडतो, हे त्यांच्या वैद्यकाचं सूत्रच होतं. पण सूत्र ग्रंथात असणं वेगळं आणि समोरच्या बाईला ‘घरात काय झालं?’ असं विचारून तिच्याकडून उत्तर मिळवणं वेगळं.

हे उत्तर पुरुष वैद्याला मिळणं किती अवघड होतं ते कळल्याशिवाय या पुस्तकाची किंमत कळत नाही. सातव्या शतकातले थोर वैद्य सुन सिमिआओ यांनी लिहून ठेवलंय की बायकांचे आजार पुरुषांच्या दसपट अवघड. एक बाई तपासण्यापेक्षा दहा पुरुष तपासलेले बरे, अशी म्हणच वैद्यांत होती. का अवघड? बाई पडद्याआड. ली चान यांच्या 1575 च्या वैद्यकग्रंथात वैद्याने कसं वागावं याचे नियम आहेत. बाईची नाडी पाहताना मनगटावर पातळ जाळीचं कापड टाकावं, आणि घर गरीब असेल तर वैद्याने ते कापड आपल्या बाहीत घालून न्यावं. म्हणजे घरात फडकं नसलं तरी चालेल, मर्यादा सुटता कामा नये. अशा वेळी पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल, नवऱ्याबद्दल ती काय बोलणार? आणि बोललीच तर मध्ये सासू किंवा दीर असणार.

बायकांना तपासणाऱ्या बायका नव्हत्या असं मुळीच नाही. सुइणी होत्या, औषधं विकणाऱ्या होत्या, त्यांच्यावाचून कुणाचं बाळंतपण होत नव्हतं. पण सुशिक्षित पुरुषांनी त्यांना कुटणी आणि मांत्रिक बायकांच्या रांगेत बसवलं होतं. ताओ त्सोंगयी या लेखकाने 1366 मध्ये अशा नऊ प्रकारच्या बायकांची यादीच दिलीय आणि त्यांना साप-विंचवासारखं लांब ठेवा असं बजावलंय. अधिकाऱ्याच्या घरातल्या मुलीने वैद्यकी करायची म्हणजे या यादीच्या उंबऱ्यावर उभं राहायचं.

तान बाई तशा घरातल्याच. 1461 चा जन्म, ताई सरोवराजवळच्या वूशी गावातला. वडील राजदरबारची परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झालेले. वैद्यकी होती ती वडिलांचे वडील तान फू आणि आजी (माहेरचं आडनाव ‘रू’) या दोघांकडे, मुलगे सरकारी नोकरीत गेल्याने ती पुढे चालवायला कुणी नव्हतं. लहानग्या नातीचं पाठांतर ऐकून आजोबा म्हणाले, ही फार हुशार आहे, हिला नुसत्या बायकी कामात अडकवू नका, माझी विद्या शिकू दे. मग नाडीचे ग्रंथ रात्रंदिवस तोंडपाठ करायचे आणि सवड मिळाली की अर्थ आजीकडून समजून घ्यायचा. बंडखोर नायिकेची गोष्ट वाचायला मिळेल म्हणून पुस्तक उघडणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं. इथे मुलगी घर सोडून पळत नाही. तिला घरातूनच वाट मिळते, आणि ती वाट दुसऱ्या एका बाईच्या हातातून येते. मला ते बंडाहून जास्त महत्त्वाचं वाटतं. आजीकडे विद्या होती, नाव नव्हतं. नातीकडे आज दोन्ही आहे.

लग्नानंतर आजारी पडल्यावर त्या काय करत तर वैद्य यायच्या आधी स्वतःचं निदान स्वतः करायच्या, मग त्याचं निदान काय निघतं ते ताडून बघायच्या आणि त्याच्या औषधांतली कुठली घ्यायची ते स्वतः ठरवायच्या. अशा पेशंटपुढे बसणं सोपं नाही, अनुभवाने सांगते. तीन मुली आणि एक मुलगा, चौघांची दुखणी त्यांनी स्वतः काढली. जाताना आजीने आपल्या औषधयोजना आणि औषधं करण्याची अवजारं त्यांच्या हवाली केली. त्या दुःखात त्या सात महिने अंथरुणाला खिळल्या, आईने अंत्यविधीची तयारीसुद्धा सुरू केली होती. मग स्वप्नात आजी आली. तू यातून बरी होशील, त्र्याहत्तर वर्षं जगशील, आपली विद्या लोकांना वाचवायला वापर. कोणतं औषध कुठल्या पुस्तकात आहे तेही तिने सांगितलं! बऱ्या झाल्यावर ओळखीपाळखीच्या बायका येऊ लागल्या. पुरुष वैद्याला दाखवायची लाज वाटणाऱ्या बायका एकमेकींना सांगत त्यांच्यापर्यंत पोचल्या.

पन्नाशीत त्यांनी हिशेब केला की आजीने दिलेल्या आयुष्यातला दोनतृतीयांश भाग संपला, आणि लिहायला घेतलं. प्रस्तावनेत त्या म्हणतात, मी बाईमाणूस, उंबऱ्याबाहेर माझं काम नाही, म्हणून मुलाला, यांग लिएनला, नक्कल करून ठसे कोरून घ्यायला सांगितलं. वाचणाऱ्यांनी हसू नये अशी विनंतीही आहे. ही नम्रता मी जशीच्या तशी घेतली नाही. एवढी सावध वाक्यं लिहून त्यांनी आपलं पुस्तक पुरुषांच्या कपाटात पोचवलं. पुरुष नातेवाइकांनी त्याला प्रस्तावना लिहिल्या. ज्या टिपणांत भट्टीवाली आणि नाववाली आहेत त्या टिपणांना!

आता खटकलेलं. जवळजवळ प्रत्येक टिपण ‘बरी झाली’ इथे संपतं. कोणत्याही खऱ्या दवाखान्यात 31 जणींचं असं होत नाही. तान बाईंनी निवडून लिहिलंय हे उघड आहे. त्या काळातल्या पुरुष वैद्यांच्या टिपणांचीही हीच रीत, पण मला त्यांच्या हरलेल्या केसेस वाचायच्या होत्या. फसलेल्या उपचाराबद्दल त्या कशा लिहितात यावरून त्या मला आणखी कळल्या असत्या. दुसरं, औषधांच्या भागात फारशी नवलाई नाही. तेराव्या शतकातल्या ली काओ यांचा शक्तिवर्धक काढा आणि असेच प्रतिष्ठित योग पुन्हा पुन्हा येतात. गंडमाळांवर, म्हणजे मानेतल्या गाठींवर, मॉक्साचे डाग देण्याचा भाग मात्र ठसठशीत आहे. आर्टेमिसिया, म्हणजे दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीचा वाळलेला पाला कुटून त्याची लव नेमक्या जागी जाळायची, आणि त्या जागा टिपणात दिलेल्या आहेत. उपचाराची परिणामकारकता मी इथे तपासत नाहीये, आणि पुस्तक वाचून कुणी घरी करूनही पाहू नये.

तान बाई 1554 मध्ये वारल्या, स्वप्नातला आकडा वीस वर्षांनी ओलांडून. यांग लिएन त्यांच्या आधीच गेला होता. नातू दुसऱ्यांच्या खटल्यात गोवला जाऊन मृत्युदंडाला सामोरा गेला. ठसे, प्रती सगळं विखुरलं. घराण्यातल्या तान शिऊ या पुढच्या पिढीतल्या नातलगाने शोध घेऊन 1585 मध्ये पुन्हा छापलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

अनुवाद वाचनीय आहे आणि अनुवादिकेच्या टिपांवाचून माझ्यासारखीला निम्मं कळलं नसतं. पण नाडीचे प्रकार, यिन-यांग, प्लीहा आणि यकृत यांच्या तिथल्या कल्पना यांची अजिबात ओळख नसेल तर पहिली काही टिपणं जड जातील. आपल्या वैद्यकासारखं वाचायला गेलात तर चुकाल, त्यांची प्लीहा म्हणजे आपल्या शस्त्रक्रियेच्या टेबलावरची प्लीहा नव्हे. माझा सल्ला असा: आधी तान बाईंची प्रस्तावना वाचा, मग टिपा बाजूला ठेवून सलग 31 टिपणं, फक्त बायका काय सांगतात याकडे लक्ष देऊन. औषधं दुसऱ्या वाचनाला. वैद्यकाच्या विद्यार्थिनींनी आणि केसपेपर लिहिणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं. कादंबरीसारखं आयुष्य हवं असेल तर हे पुस्तक नको, नवऱ्याबद्दलसुद्धा यात जेमतेम उल्लेख आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि अर्धा कमी केला तो न लिहिलेल्या अपयशांसाठी.