घरच्या सीएनसीला पीसी कोणता? आधी पल्स कोण देणार ते ठरवा

नाशिकच्या सातपूर-अंबडला दिवसभर व्हीएमसी (कारखान्यातलं कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन) चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात घरी एक छोटं सीएनसी राउटर (लाकूड-प्लास्टिक कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) घ्यायचं असतं. मग विचारणा सुरू होते: आय-फाइव्ह चालेल का, रॅम किती टाकू? माझ्या मते ही सुरुवातच चुकीची. स्टेपर ड्रायव्हरला (मोटर पावला-पावलाने फिरवणारं सर्किट) पल्स, म्हणजे प्रत्येक पावलाचा विजेचा इशारा, कोण देणार हे ठरवा, पीसी त्यावरून आपोआप ठरतो.

सगळ्यात स्वस्त पडतं ते आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डवर चालणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर. पल्स आर्डुइनो बनवतो, पीसीने यूएसबीवरून जी-कोडच्या (मशिनला हालचाल सांगणाऱ्या आज्ञांच्या) ओळी पुरवायच्या, बस. घरातला जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट आणि युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, एवढ्यावर भागतं. सेकंदाला साधारण ३० हजार पल्स मिळतात. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे आठ भाग) आणि ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू (एका फेरीत अक्ष ५ मिमी सरकवणारा स्क्रू) धरला तर एका मिलिमीटरला ३२० पल्स लागतात; मिनिटाला ३००० मिमी पळवायचं तर सेकंदाला १६ हजार. प्लायवूड, एमडीएफ, ॲक्रिलिकच्या पाट्यांना हे भरपूर झालं. पण फॅनकवर (कारखान्यातल्या मशिनचा कंट्रोलर) हात बसलेल्याला इथे चुकल्यासारखं होतं: मूळ जीआरबीएलमध्ये जी८१ (ड्रिलिंग सायकल) नाही, जी४१-जी४२ (कटरच्या त्रिज्येची भरपाई) नाही, टूल टेबल (टूलच्या मापांची यादी) नाही. शिवाय अर्थिंग कच्चं असेल तर स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) सुरू होताच यूएसबी सुटते आणि जॉब अर्ध्यात लटकतो.

दुसरा मार्ग लिनक्ससीएनसी, पीसीलाच मशिनचा कंट्रोलर बनवणारं सॉफ्टवेअर. त्यात हे सगळं आहे, वर जी७६ने थ्रेडिंगही (आटे पाडणं). त्याला जुना पॅरलल पोर्ट (पूर्वी प्रिंटर लावायचे तो) जोडला की पल्स पीसीच बनवतो, आणि तिथे गिगाहर्ट्झला कुणी विचारत नाही. बघायची ती लेटन्सी, म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा पीसी किती उशीर करतो ते. लेटन्सी टेस्ट लावा, मग मुद्दाम पीसीला छळा: ब्राउझर उघडा, व्हिडिओ लावा, पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा. बेस थ्रेडच्या (पल्स बनवणाऱ्या भागाच्या) ओळीत मॅक्स जिटरचा (वेळेतल्या सगळ्यात मोठ्या चुकीचा) आकडा नॅनोसेकंदांत असतो. तो १५-२० हजारांच्या आत राहिला तर पीसी सोन्यासारखा. ३०-५० हजारांपर्यंत काम होतं, वेग थोडा मारला जातो. लाखावर गेला तर या कामाला तो पीसी नको. बायॉसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि पॉवर सेव्हिंग बंद केल्यावर आकडा खाली येऊ शकतो, म्हणून तेवढं करून मगच निकाल द्या. या मार्गाला लॅपटॉपच्या नादी लागू नका. यूएसबी-टू-पॅरलल कन्व्हर्टर तर इथे चालतच नाही, दुकानदार काहीही म्हणो.

तिसरा मार्ग म्हणजे लिनक्ससीएनसी आणि मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड, उदाहरणार्थ ७आय९६एस. पल्स कार्ड काढतं, पीसीला मिलिसेकंदातून एकदा हिशेब करायचा असतो, त्यामुळे लेटन्सीचा जाच बराच हलका होतो. पाच अक्षांपर्यंत सोय आहे. मात्र कार्ड बाहेरून मागवायचं, वर कस्टम ड्युटी. सेकंडहँड पीसीपेक्षा कार्डच महाग पडू शकतं.

माझा कौल असा: लाकडी पाट्या आणि हौस भागवायची असेल तर जीआरबीएल. ॲल्युमिनियम, पितळ, रोटरी अक्ष, थ्रेडिंग यांतलं काहीही पुढे करायचं असेल तर सरळ मेसा, मधे थांबू नका. पॅरलल पोर्ट तेव्हाच, जेव्हा पोर्टवाला डेस्कटॉप घरात पडून आहे आणि टेस्टमध्ये पास होतो. नव्याने त्याच्यावर पैसे घालू नयेत. लाइट जाण्याचा त्रास मात्र तिन्हींत सारखाच. नुसत्या पीसीला यूपीएस लावून उपयोग नाही, ड्रायव्हर बंद पडले की पोझिशन गेलीच. मशिनला शून्याची जागा परत सापडावी म्हणून होमिंग स्विच बसवाच.

डिझाइनला फ्रीकॅड पुरतं, १.० आवृत्तीपासून त्यातल्या पाथ वर्कबेंचचं (डिझाइनवरून जी-कोड बनवणारा भाग) नाव कॅम झालंय. ऑटोडेस्कचं फ्युजन लिनक्सवर थेट चालत नाही, त्याची सवय असेल तर डिझाइन वेगळ्या पीसीवर करा, मशिनवर फक्त जी-कोड न्या.

जुना डेस्कटॉप घ्यायला जाल तेव्हा खिशात लिनक्ससीएनसीचा लाइव्ह पेनड्राइव्ह असू द्या. इन्स्टॉल न करता टेस्ट चालते. दुकानातच लावा, अर्धा तास चहा प्या, आकडा बघा आणि मगच भाव करा.