खानदेशात मसाला विकायचा तर जाहिरात मराठीत की अहिराणीत?

धुळे, अमळनेर, शिरपूर या पट्ट्यात घरगुती काळा मसाला करून विकणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. माझं मत आधीच सांगते: पाकिटावर मराठी, भोंग्यावर अहिराणी. पण खानदेशभर सरसकट नाही.

मराठीची मोठी बाजू म्हणजे वाचायची सवय. शाळा मराठीत झालेली असते, म्हणून घरी अहिराणी बोलणारेही छापील अहिराणी अडखळत वाचतात. भाव, वजन, पत्ता मराठीतच द्या. दुकानाची पाटी तर कायद्यानेच देवनागरी मराठीत हवी आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीहून मोठी चालत नाहीत. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांची दुकानंही त्यात आली. पाकिटावरची सक्तीची माहिती मात्र हिंदीत किंवा इंग्रजीत लागते, मराठी तिच्या जोडीला.

अहिराणीचं बळ आवाजात. 2011 च्या जनगणनेत 'खानदेशी' या नोंदीखाली (अहिराणी तिच्यातच येते) सुमारे 18.6 लाख भाषक आहेत, आणि घरी अहिराणी बोलून मातृभाषा मराठी सांगणारे वेगळेच. 'माय, मसाला कुटी लिधा का?' एवढं रिक्षाच्या भोंग्यातून आलं की बाया दाराशी येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, मसाल्याचा हंगामही तोच. वर्षाच्या जाहिरातीचा निम्मा पैसा याच दिवसांत घाला. सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोली भागात खानदेशी माणूस मोठ्या संख्येने आहे. तिथे हाच आवाज मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओतून पाठवा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. अहिराणी आली की जाहिरातीत विनोदी पात्रच हवं, असा समज झालाय. आईच्या बोलीत भाव नीट सांगा, मिरची कुठली ते सांगा. लोक ऐकतात.

आता जिथे अहिराणी चालत नाही ते भाग. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटीदार समाजाची बोली. तिथे धुळ्याची अहिराणी परक्या गावची वाटते, त्यापेक्षा साधी मराठी बरी. बऱ्हाणपूरला हिंदी. नवापूरच्या बाजारात गुजरातीही लागते.

सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, पावरी आणि भिली या आदिवासी बोली. तिथे पत्रकं छापू नका. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात त्याच गावची बाई किंवा तरुण मजुरी देऊन बसवा, बोलणं त्यांच्यावर सोडा. भाषांतर करून दिलेलं वाक्य तिथे लगेच ओळखू येतं.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर छपाई साधी ठेवा आणि अहिराणी आवाज चांगला ध्वनिमुद्रित करून घ्या. बोलणारी व्यक्ती तुम्ही जिथे विकणार त्याच तालुक्यातली घ्या, कारण साक्रीची अहिराणी आणि पारोळ्याची अहिराणी यांतला फरक गिऱ्हाइकाच्या कानाला कळतो.