एक्सएमएल स्कीमा डेटाटाइप्स: मूल्य कुठलं, अक्षरं कुठली?

एक्सएमएल स्कीमा म्हणजे एक्सएमएल या खुणांनी बांधलेल्या मजकूर-फाइलींत काय चालेल ते ठरवणारं मानक. त्याचा दुसरा भाग, डेटाटाइप्स (मूल्यांचे प्रकार), वाचायला रुक्ष, पण पाया पक्का. आवृत्ती १.० २००१ची, १.१ २०१२ची. १.०मध्ये १९ मूळ प्रकार आणि त्यांतून निघालेले २५. फाइलमध्ये उमटलेली अक्षरं वेगळी आणि त्यांचं मूल्य वेगळं, हा भेद लक्षात आला नाही तर निम्म्या व्याख्या संदिग्ध वाटतात.

सर्वाधिक फसगत फ्रॅक्शनडिजिट्सवर, म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या अंकांच्या मर्यादेवर, होते. मर्यादा २ ठेवली तरी १.५०० पास होतं, कारण मूल्य १.५ आहे आणि शेवटची शून्यं मोजली जात नाहीत. ही तपासणाऱ्या प्रोग्रॅमची चूक नव्हे. एन्युमरेशन, म्हणजे चालणाऱ्या मूल्यांची यादी, हेही मूल्यच पाहतं: इंटिजरच्या (पूर्णांकांच्या) यादीत ७ असेल तर ००७ चालतं. लिखाणच बांधायचं असेल तर पॅटर्न (अक्षरांचा साचा) लावावा. तो आधीच दोन्ही टोकांना बांधलेला असतो, म्हणजे पूर्ण मजकूर त्यात बसावा लागतो. तिथे इतर भाषांतल्या सवयीने शेवट दाखवायला घातलेली डॉलरची खूण साधं अक्षर ठरते आणि सगळा डेटा नापास होतो. एका प्रकारातून दुसरा प्रकार बनवण्याच्या एकाच पायरीतले दोन पॅटर्न 'किंवा'ने जोडले जातात, वेगवेगळ्या पायऱ्यांतले 'आणि'ने. मानकात हे लिहिलंय, पण सहज नजरेत भरत नाही, आणि हा मला मोठा दोष वाटतो.

मराठी मजकूर असेल तर आणखी दोन गोष्टी. लेंग्थ, म्हणजे लांबीची अट, युनिकोडची (संगणकातल्या अक्षरांच्या सार्वत्रिक यादीतली) चिन्हं मोजते: 'क्षि' म्हणजे ४ (क, हलन्त, ष, इकार). आणि पॅटर्नमधल्या 'कोणताही अंक' या खुणेत देवनागरी अंकही बसतात. डेसिमल (दशांश संख्येचा प्रकार) मात्र फक्त इंग्रजी अंक घेतो. (वरच्या उदाहरणांतले अंक डेटात इंग्रजीच समजावेत.)

तारखांचा भाग सर्वांत कच्चा. डेटटाइम या तारीख-वेळेच्या प्रकाराला टाइमझोन ऐच्छिक. टाइमझोन असलेल्या आणि नसलेल्या वेळांतलं अंतर १४ तासांच्या आत असेल तर कोणती आधीची हे ठरतच नाही, आणि मिनइन्क्लुझिव्हची (किमान मूल्याची) अट पुरी होत नाही. १.१मधला डेटटाइमस्टॅम्प टाइमझोन सक्तीचा करतो. १.०वर असाल तर तेच काम पॅटर्नने करावं लागतं. ड्युरेशन या कालावधीच्या प्रकारामध्येही १ महिना आणि ३० दिवस यांची तुलना होत नाही. दिवस-तास पुरेसे असतील तर १.१चा डेटाइमड्युरेशन घ्या.

एनीयूआरआय या वेबपत्त्यांसारख्या पत्त्यांच्या प्रकारावर विसंबू नका. १.१मध्ये तो जवळपास कुठलीही अक्षरमाला मान्य करतो.