‘मुद्दा आधी’ पद्धतीने ऑफिसचे मेल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

जे हवंय ते पहिल्या दोन ओळींत लिहायचं, पार्श्वभूमी खाली. पद्धत एवढीच. अमेरिकी लष्कराच्या पत्रव्यवहारात हिला ‘ब्लफ’, म्हणजे ‘बॉटम लाइन अप फ्रंट’ म्हणतात. समजायला दहा मिनिटं पुरतात, हातात बसायला मात्र दोन महिने लागले. समोरच्याकडून नेमकं काय हवंय हे स्वतःशीच ठरलेलं नसलं की पहिली ओळ सुचत नाही.

आधीचा मेल असा असायचा: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, बैठकीत झालेल्या चर्चेनुसार सुधारित दरपत्रक प्राप्त झाले असून त्यावर योग्य ती कार्यवाही व्हावी.’ आताचा: ‘सोबतच्या दरपत्रकाला गुरुवार, १२ तारखेपर्यंत मंजुरी द्यावी ही विनंती. त्यानंतर हा दर लागू राहणार नाही.’ पहिल्या मेलवर ‘म्हणजे काय करायचं?’ असा फोन यायचा. दुसऱ्यावर थेट ‘मंजूर’ येतं.

पहिला खर्डा जसा येईल तसा लिहू द्यावा. खरं वाक्य बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं. ते उचलून वर न्यायचं. विषयाच्या ओळीत काम, वस्तू आणि तारीख हवी: ‘मंजुरी हवी: छपाईचं दरपत्रक, १२ तारखेपर्यंत’. मोबाइलवर ही ओळ मध्येच कापली जाते, म्हणून ‘मंजुरी हवी’ सुरुवातीलाच. एका मेलमध्ये एकच मागणी. दोन असतील तर १, २ असे आकडे घालावेत, नाहीतर उत्तर पहिलीचंच येतं.

आता उणिवा. मराठीत ही पद्धत पटकन उर्मट वाटते. ‘अहवाल पाठवा’ हा हुकूम झाला. वरिष्ठांना ‘पाठवावा ही विनंती’, बरोबरीच्यांना ‘पाठवाल का?’ एवढ्या बदलाने सूर सावरतो, लांबीही वाढत नाही. नकार कळवताना तर ही पद्धत सरळ बाजूला ठेवावी. तिथे आधी एका ओळीत कारण, मग स्पष्ट नकार, मग पर्याय असला तर तो.

दुसरी उणीव मोठी आहे. मुद्दा वर आला तरी ‘कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य तसंच राहू शकतं. कोण करणार, कधी करणार, काहीच कळत नाही. यावर शोधसुविधा कामी येते. खर्ड्यात ‘करण्यात’, ‘लवकरात लवकर’ आणि ‘योग्य ती’ हे शब्द शोधायचे. जिथे सापडतील तिथे माणसाचं नाव, तारीख किंवा नेमकं काम लिहायचं. दोन मिनिटांचं काम, पण सहा महिन्यांत सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

जीमेल वापरत असाल तर पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत सेटिंगमध्ये ३० सेकंदांवर नेऊन ठेवा. जोडायची राहिलेली फाइल नेमकी तेव्हाच आठवते.