देवमाशाचा सांगाडा जोडायला गेले होते, साडेतीन स्टार

म्युझियमला सांगाडा जोडायला व्हॉलंटिअर पाहिजेत असं वाचलं आणि लगेच नाव देऊन टाकलं. डोक्यात चित्र असं की शिडीवर चढायचं, बरगड्या लावायच्या, फोटो काढायचे. पहिले दोन वीकेंड हातात टूथब्रश आणि समोर हाडांचा ढीग, बाकी काही नाही. हे आधी सांगितलं असतं तर अर्धे लोक आलेच नसते, म्हणूनच सांगितलं नसावं बहुतेक.

वासाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. देवमाशाचं हाड आतून स्पंजसारखं जाळीदार असतं आणि ती जाळी तेलाने गच्च भरलेली असते, त्यामुळे मांस कुजवून धुवून वरून हाड पांढरंशुभ्र दिसलं तरी आतलं तेल झिरपतच राहतं. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये १९९८ साली मेलेल्या एका तरुण ब्लू व्हेलचा सांगाडा टांगलाय, तो टांगून झाल्यावरही कित्येक वर्षं त्यातून तेल ठिबकत होतं! तर खवट तेलाचा तो वास केसात बसतो आणि शांपूला दाद देत नाही.

आता खरी मजा. आमचा देवमासा हंपबॅक जातीचा होता आणि तोही पूर्ण वाढ न झालेला. अशा जनावराच्या प्रत्येक मणक्याला पुढून-मागून एकेक चकती असते, वय झालं की ती मणक्याला कायमची जुळून जाते पण तोवर सुटी निघून येते. म्हणजे पन्नासच्या वर मणके, आणि त्यांच्या सगळ्या चकत्या एका क्रेटमध्ये. नंबर मार्करने टाकले होते, तेल काढायच्या धुण्यात ते पुसले गेले, आणि आमचे अख्खे दोन दिवस त्यात गेले, याचा अर्धा स्टार कापलाय. पण काय सांगू, चकती मणक्यावर ठेवून हळूहळू फिरवायची, फिरवत राहायची, आणि एका जागी तिच्या खाचा नि मणक्याचे उंचवटे असे काही बसतात की ती पुढे हलतच नाही. पहिली बसली तेव्हा मी एकटीच ओरडले, सगळे वळून बघायला लागले. दिवसभरात माझ्या अकरा बसल्या.

पंखात चार बोटं असतात, प्रत्येक बोटात आपल्यापेक्षा जास्त पेरं, पण मधली कुर्चा कुजून गेलेली असल्याने कुठलं पेर कुठे हे एक्स-रे बघून ठरवावं लागतं. आणि कंबरेची म्हणून दोन छोटी हाडं असतात, कण्याला न जोडलेली, नुसती वेगळ्या तारेवर लटकवायची, बघायला आलेला प्रत्येक जण हेच विचारतो की ही चुकून राहिली का.

शिकवणारे चांगले होते, पण एका वेळी तीस जणांना दोघंच, त्यामुळे हात वर करून बसावं लागायचं. ग्लोव्ह्ज सगळे एकाच साइजचे. शिवाय पोज एकदम सरळ ठेवली, मला नाही आवडली, २०१७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने २५ मीटरचा ब्लू व्हेल सूर मारताना टांगला, त्याचे फोटो बघितल्यापासून सरळ सांगाडा म्हणजे वाळत घातल्यासारखा वाटतो. कण्यातून जाणारा पाईप आधीच वाकवून घ्यावा लागतो म्हणे, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत वेळ गेलेली.

जाणार असाल तर फेकायचे कपडे घाला, केस झाका आणि चकत्यांच्या टेबलावर जागा मागून घ्या. बरगड्यांच्या नादी लागू नका, तिथे चौघं जण एक बरगडी खांद्यावर घेऊन उभे असतात आणि वेल्डर काका खालून ‘अजून जरा वर, अजून जरा’ करत चहाला निघून जातात.